उंबऱ्याचे माप कोणी घेतले?

औसा तालुक्यातील एका गावात काही वर्षांपूर्वी एका घरी गेलो होतो. ओसरीच्या कोपऱ्यात चाकाची खुर्ची उभी होती. रंग उडालेला नव्हता, चाकांना फारशी माती लागलेली नव्हती. बसायच्या जागी हरभऱ्याचे पोते ठेवले होते. ज्या मावशींच्या नावावर ही खुर्ची आली होती त्या आतल्या खोलीत जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. लहानपणी पोलिओ झालेला. घरात त्या हातांवर भार देऊन सरकतात.

‘खुर्ची वापरत नाही का मावशी?’ असे विचारले, तर म्हणाल्या, ‘खुर्ची लई चांगली हाय, भाऊ. पण ती घरात येत न्हाई आन् रस्त्याला लागत न्हाई. नुसती पडून ऱ्हाण्यापरीस पोतं ठिवलं.’

मग आम्ही दाराचे माप घेतले. चौकट खुर्चीपेक्षा चार बोटे अरुंद होती. उंबरा चांगला वीतभर उंच. ओट्याला तीन पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली काळ्या मातीचे अंगण. पावसाळ्यात त्या मातीत बैलगाडीचे चाक रुतते, तिथे खुर्चीच्या पुढच्या टीचभर चाकांची काय कथा?

या व्यवहारात भ्रष्टाचार झाला असे म्हणायला काही आधार नव्हता. शिबिर झाले होते, मोजमाप नोंदले गेले होते, खुर्ची प्रमाणित होती, पोहोच पावतीवर मावशींचा अंगठा होता. कागदावर काम शंभर टक्के पुरे झाले होते. फक्त उंबऱ्याचे माप कोणी घेतले नव्हते, कारण ते घ्यायला सांगणारी अट कोणत्याही कागदात नव्हती. आणि अट नव्हती, कारण ती लिहिली जात असताना उंबरा ओलांडू न शकणारे कोणी तिथे बसलेले नव्हते.

वृद्ध, दिव्यांग, निराधार, लहान मुले अशा आधारावर जगणाऱ्या माणसांसाठी सरकार वस्तू आणि सेवा विकत घेते. ती खरेदी कशी करायची हे ठरवताना त्या माणसांचा हात कुठे असतो? आणि तो असला तर काय फरक पडतो? या लेखात एवढाच प्रश्न घेतला आहे. उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्याचा एक मोठा धडा लातूर जिल्ह्यातच तीस वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे.

सरकार ‘काळजी’ विकत कशी घेते?

आपल्याकडे सामाजिक सेवेला कोणी ‘खरेदी’ म्हणत नाही. योजना म्हणतात, लाभ म्हणतात, वाटप म्हणतात. पण पैसा सरकारचा, वस्तू किंवा श्रम दुसऱ्याचे, म्हणजे व्यवहार खरेदीचाच. तो साधारण चार वाटांनी होतो.

पहिली वाट वस्तूंची. केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यातून तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, श्रवणयंत्रे, कृत्रिम अवयव दिले जातात. यातला मोठा पुरवठा कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीकडून होतो. ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना याच धर्तीवर आहे. आधी तपासणीचे शिबिर, काही महिन्यांनी वाटपाचे शिबिर, ही आपल्या तालुक्यांना ओळखीची पद्धत.

दुसरी वाट अनुदानाची. विशेष शाळा, बालगृहे, निवासी कार्यशाळा बहुधा स्वयंसेवी संस्था चालवतात आणि सरकार राहणाऱ्यांच्या संख्येवर परिपोषण अनुदान देते. तिसरी वाट कंत्राटाची. वसतिगृहातले जेवण, सफाई, काळजीवाहक, पहारेकरी हे निविदा काढून ठेकेदारामार्फत घेतले जातात. चौथी वाट रोख रकमेची. महाराष्ट्र शासनाने ५ डिसेंबर २०१६ रोजी निर्णय काढून अनेक वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तूऐवजी पैसे थेट बँक खात्यात देण्याचे धोरण घेतले.

चारही वाटांवर एक गोष्ट सारखी आहे. पहिल्या तिन्हींत मागणी अधिकारी नोंदवतो, वस्तूचे किंवा सेवेचे वर्णन तांत्रिक माणूस लिहितो, दर समिती ठरवते, माल पुरवठादार देतो. वापरणारा माणूस शेवटच्या पानावर येतो, सही करायला. चौथ्या वाटेवर तो स्वतः दुकानात जातो खरा. पण रक्कम किती, कशासाठी आणि कोणत्या पावतीवर हे त्याच्या आधीच ठरलेले असते.

बाजारात गिऱ्हाइकाला माल पटला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक साधी मांडणी केली. एखादी संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन रस्ते असतात, निघून जाणे किंवा बोलणे. सरकारी खुर्ची मिळालेल्या मावशींना निघून जायला दुसरे दुकान नाही. गतिमंद मुलाच्या आईला जिल्ह्यात दुसरी शाळा नाही. जिथे निघून जाता येत नाही तिथे बोलण्याची सोय असली पाहिजे, आणि तीही मालाचे वर्णन ठरण्याच्या आधी. नंतर जी होते तिला तक्रार म्हणतात.

आठ पायऱ्यांपैकी किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली, कमी साधनांच्या देशांत हाताने चालवायच्या चाकाच्या खुर्च्या कशा द्याव्यात याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात खुर्ची देणे ही एक घटना नसून आठ पायऱ्यांची सेवा आहे असे सांगितले आहे: व्यक्तीची नोंद व भेटीची वेळ, गरजेची तपासणी, कोणती खुर्ची हवी याचा निर्णय, पैशाची तजवीज व मागणी, खुर्ची तयार करणे, अंगाला बसवून पाहणे, वापरायला शिकवणे, आणि शेवटी दुरुस्ती व पाठपुरावा. तपासणीत शरीराइतकेच घर आणि रस्ता पाहणे येते.

आपल्या शिबिरांत यातल्या नोंद, मोजमाप आणि वाटप या पायऱ्या बऱ्यापैकी होतात. घर पाहणे, शिकवणे आणि दुरुस्ती या पायऱ्या गळतात. मावशींच्या खुर्चीचे चाक उद्या निखळले तर ते कुठे बसवायचे? गावातल्या सायकलच्या दुकानात त्या मापाचा भाग मिळतो का? खुर्ची वापरणाऱ्या कोणालाही विचारा, पहिला प्रश्न तो हाच काढतो. किंमत, धातूची जाडी, रंग हे मुद्दे त्याच्या यादीत खाली असतात. खरेदीच्या कागदात मात्र क्रम उलटा असतो.

हा फरक हुशारीचा नाही. कागद लिहिणारा माणूस वस्तू पाहून लिहितो, वापरणारा दिवस पाहून बोलतो.

किल्लारीने दाखवलेले दोन रस्ते

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने राज्य सरकारने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्यात एकाच संकटाला दोन निराळ्या पद्धतींनी उत्तर दिले गेले.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ही घरे मुख्यतः ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. त्या काळात हजारो कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये होती, घाई असणे साहजिक होते, आणि ती घरे आजही उभी आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. पण आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते, एका मापाचे प्लॉट, एकसारख्या खोल्या. शेतीची अवजारे कुठे ठेवायची, जनावरे कुठे बांधायची, बायकांनी दुपारी कुठे बसायचे, भावकी एकमेकांपासून किती लांब जाईल, हे प्रश्न आराखड्यात फारसे आले नाहीत. नंतर लोकांनी आपापल्या परीने ओसऱ्या वाढवल्या, कुंपणे घातली, गोठे काढले. काही घरांत बांधून दिलेल्या संडासात सरपण आणि पोती ठेवली गेली. अभ्यासकांनी हे सगळे नोंदले आहे, आणि औशा-उमरग्याकडे जाणाऱ्या कोणालाही ते आजही दिसते. मावशींच्या खुर्चीवरचे हरभऱ्याचे पोते याच कुळातले आहे.

दुसरा रस्ता दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा होता. सुमारे दोन लाख घरे पडली नव्हती पण धोक्याची झाली होती. तिथे ठेकेदार नेमला गेला नाही. मदतीची रक्कम टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या बँक खात्यात आली. गवंडी त्याने ठरवायचा, साहित्य त्याने आणायचे, काम त्याच्या डोळ्यांसमोर व्हायचे आणि अभियंत्याने तपासून पुढचा हप्ता सोडायचा.

पण पैसे खात्यात टाकले म्हणजे लोकसहभाग झाला, असे तेव्हा कोणी मानले नाही, आणि हीच या कार्यक्रमातली मोलाची गोष्ट. नियम किचकट होते, भूकंपरोधक बांधकाम कोणाला माहीत नव्हते, आणि ग्रामसभेत बायका तोंड उघडत नव्हत्या. ‘स्पार्क’ आणि तिच्यातूनच पुढे आलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचे काम देण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. गावातलीच बाई, तिला मानधन आणि प्रशिक्षण. भिंतीच्या दोन्ही बाजू बांधणारा आडवा लांब दगड कुठे हवा, दारावरचा पट्टा का हवा, माळवदाची माती किती कमी करायची, हे ती शिकली. मग घरोघरी जाऊन तिने ते समजावले, गवंड्याचे काम पाहिले, अडलेले हप्ते अभियंत्यापुढे मांडले.

यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. शाळा जेमतेम पाहिलेली बाई बांधकामाच्या तांत्रिक अटी समजू शकते आणि समजावूही शकते. आणि लोकांच्या हाती खरेदी सोपवायची तर पैसा, माहिती आणि गावात उभे राहणारे माणूस ही तिन्ही लागतात. एक जरी गाळले तरी डोलारा कलंडतो.

पाकीट कोणी विकायचे आणि खायचे कोणी?

मागून मिळालेला आवाज कसा अर्धवट राहतो, हे पाहायचे तर अंगणवाडीच्या घरपोच आहाराकडे पाहावे. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी आदेश दिला की अंगणवाडीच्या आहार पुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावातली मंडळे, बचत गट, महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे. महाराष्ट्रात पुढे निविदांच्या अटी अशा येत गेल्या की उलाढाल, यंत्रे, क्षमता यांत साधे बचत गट बसेनात. अखेर काही बचत गट न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची सुमारे ६,३०० कोटी रुपयांची निविदा रद्द ठरवली. अट लिहिणारा एका ओळीत कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणार नाही.

तरीही त्या भांडणात एक पक्ष कधी आलाच नाही. पाकीट कोणी विकायचे यावर पंधरा वर्षे वाद झाला. ते खाणाऱ्या गरोदर बाईला आणि दोन वर्षांच्या लेकराला चव कशी लागते, शिजवायला किती वेळ जातो, ते घरातल्या कोणाच्या ताटात जाते, हे निविदेच्या अटींत कधी उतरले नाही. पाकिटे जनावरांपुढे टाकली गेल्याच्या बातम्या राज्याच्या अनेक भागांतून आल्या. जनावराच्या दावणीत गेलेले पाकीट कागदावर मात्र ‘वाटप पूर्ण’मध्येच धरले जाते.

याच राज्यात दुसरा नमुनाही आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागाचा तिच्यात समावेश आहे. तिथे एक वेळचे गरम जेवण अंगणवाडीतच शिजते आणि किराणा-भाजीची खरेदी गावपातळीवरची आहार समिती करते. दर अपुरे पडतात, पैसे उशिरा येतात, या अडचणी आहेतच. पण भाजीत काय घालायचे हे ठरवणारी आणि जेवणारी यांच्यात एका गल्लीचे अंतर आहे, तीन कार्यालयांचे नाही. आमटी पातळ झाली तर दुसऱ्या दिवशी बोलता येते.

रोख रक्कम म्हणजे आवाज नव्हे

मग सगळीकडे पैसेच का देऊ नयेत? २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये. त्यातून चश्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, पट्टा असे काही घ्यायचे आणि पावती द्यायची. केंद्राची वयोश्री वस्तू देते, राज्याची वयोश्री पैसे देते.

पैसे देण्यात मान आहे. कोणाला काठी हवी आणि कोणाला चश्मा हे म्हातारा माणूस स्वतः ठरवतो. पण मुखेड किंवा अहमदपूर तालुक्यातल्या वस्तीवरून विचार करा. कान तपासून यंत्र बसवणारा जाणकार तालुक्याला मिळतो का? ३,००० रुपयांत कानाला बसेल असे यंत्र येते का? मुलगा म्हणाला, ‘आबा, पावती मी आणतो,’ तर आबांनी काय करावे? जिथे दुकान नाही, माहिती नाही आणि भाव ठरवायची ताकद नाही, तिथे रोख रक्कम म्हणजे चाक नसलेली गाडी.

इंग्लंडमध्ये दिव्यांगांच्या चळवळीमुळे १९९६ साली कायदा झाला आणि काळजीसेवेऐवजी थेट पैसे घेऊन आपला काळजीवाहक आपण नेमण्याची मुभा मिळाली. २०१४ च्या कायद्याने प्रत्येकाच्या गरजेचा अंदाजपत्रकी आकडा त्याला सांगणे बंधनकारक केले. पण तिथेही एक धडा शिकावा लागला. पैसे दिल्यावर पगारपत्रक कसे करायचे, माणूस सुट्टीवर गेला तर काय, हे सांगणारी आधार केंद्रे लागली, आणि त्यातली अनेक दिव्यांगांनीच चालवली. आपल्या संवाद सहायकांचेच ते विलायती भावंड.

कायद्यात खुर्च्या आहेत, निविदेत नाहीत

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की दिव्यांगांशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्याशी, त्यांच्या संघटनांमार्फत, निकट सल्लामसलत करावी. मुलांनाही वगळू नये. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात राज्य सल्लागार मंडळाची तरतूद आहे. त्यावर संघटनांचे दहा प्रतिनिधी शक्यतो दिव्यांगच असावेत आणि त्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात. जिल्हास्तरीय समितीची तरतूदही आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागच काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत.

मुलांच्या बाबतीत तर नियम आणखी पुढे गेले आहेत. बाल न्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या असाव्यात आणि व्यवस्थापन समितीत त्यांचे प्रतिनिधी बसावेत. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला बसायला खुर्ची आहे.

नांदेडमधील एका निवासी संस्थेत मुलांना एकदा विचारले होते, जेवणात काय बदलावे? मोठ्या माणसांना वाटले, गोडधोड मागतील. मुले म्हणाली, ‘सर, संध्याकाळचं जेवण साडेसहाला वाढतात. नऊला भूक लागते आणि झोप येत नाही.’ स्वयंपाकी सातच्या बसने घरी जात होता म्हणून ती वेळ ठरली होती. बदलायला एक पैसा लागला नाही, स्वयंपाक्याची पाळी थोडी पुढे सरकवावी लागली.

समित्या सल्ला देतात. खरेदीचा रस्ता वेगळ्या कार्यालयातून, वेगळ्या नियमपुस्तिकेनुसार जातो. राज्याची खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ ची आहे. या दोन रस्त्यांचा छेद कुठे होत नाही, आणि नेमकी तिथेच मावशींची खुर्ची अडकते.

शेजारच्या जिल्ह्याचा अनुभव

उस्मानाबाद हा २००७ मध्ये लोकाधारित देखरेख आणि नियोजनाच्या प्रयोगासाठी निवडलेल्या राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांपैकी एक. पुण्याची ‘साथी’ ही संस्था समन्वयक होती. गावकरी, आरोग्य कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्या समित्यांनी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रगतिपुस्तके भरली, लाल-पिवळा-हिरवा असे रंग देऊन. मग जनसुनवाईत ती अधिकाऱ्यांसमोर वाचली. औषधाच्या बाहेरच्या चिठ्ठ्या, पैसे मागणे, बंद उपकेंद्रे हे विषय चव्हाट्यावर आले. पुढच्या टप्प्यात रुग्ण कल्याण समितीचा निधी कशावर खर्च करावा, यातही लोकांच्या सूचना गेल्या. तक्रारीपासून खरेदीपर्यंतचा हा प्रवास आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे.

तो प्रवास न झाल्यास किंमत काय असते, हे नांदेडला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता असे प्रशासनाने सांगितले, नातेवाईकांनी बाहेरून औषधे आणावी लागल्याचे सांगितले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खरेखोटे करणे हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की औषध विभागातला साठा आणि नातेवाइकाच्या हातातली चिठ्ठी, या दोन्ही एकाच टेबलावर दर महिन्याला ठेवल्या जातील अशी व्यवस्था असती, तर फरक मृत्यूंच्या आधी दिसला असता.

अट लिहिण्याच्या बैठकीत

‘सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यावे लागते, आम्ही काय करणार?’ असे अधिकारी म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. सर्वांत कमी दराचा नियम अटी पूर्ण करणाऱ्यांमध्येच लागतो. ‘घर पाहून माप घ्यावे’, ‘दोन वर्षे तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती द्यावी’ या अटी असतील, तर कमी दरवालाही त्या पाळूनच कमी दर देईल. शिवाय केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत काही प्रकारच्या कामांत आणि सेवांत किमतीखेरीज गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली आहे. त्या सूचना केंद्राच्या खरेदीसाठी असल्या तरी दिशा स्पष्ट आहे.

आणखी एक गमतीची गोष्ट. मोठ्या निविदेआधी ‘निविदापूर्व बैठक’ होते. तिथे पुरवठादार येतात, ही अट जाचक आहे, ते माप बदला, असे सांगतात आणि शुद्धिपत्रक निघते. म्हणजे अटींवर बोलायची जागा नियमात आहेच. तिथे विकणाऱ्याला बोलावतात, वापरणाऱ्याला नाही.

नांदेड किंवा लातूर जिल्ह्याने एकच खरेदी, समजा तीनचाकी सायकलींची, निराळ्या पद्धतीने करायची ठरवली तर काय करता येईल?

आधी वर्णन लिहिण्यापूर्वी दहा-बारा वापरणाऱ्यांना बोलवावे, आणि त्यांत शेतवस्तीवरच्या बाया असाव्यात. मागे दिलेल्या सायकली आज कुठे आहेत, वापरात आहेत की अडगळीत, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. त्यातून निघालेल्या तीन-चार गोष्टी अटी म्हणून लिहाव्यात. नमुना आला की तो कार्यालयाच्या फरशीवर न पाहता, वापरणाऱ्यांनी काळ्या मातीत आणि चढावर चालवून पाहावा आणि त्यांच्या शेऱ्याला नोंदीत जागा असावी. पुरवठादाराची सुरक्षा ठेव आपण ठेवतोच. ती सोडण्याआधी सहा महिन्यांनी किती सायकली चालू आहेत हे पाहावे. आणि शेवटी, तुम्ही सांगितलेले काय घेतले, काय घेतले नाही आणि का, हे त्याच माणसांना कळवावे. ही शेवटची पायरी चुकली तर पुढच्या वेळी कोणी येत नाही.

एवढेही मोठे वाटत असेल तर ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीपासून सुरुवात करावी. रक्कम लहान असते, माणसे ओळखीची असतात आणि चूक झाली तर ती गावातच दिसते.

अडचणी खऱ्या आहेत

हे सोपे नाही. बैठकीला येणारे बहुधा शहरातले, बोलके, पुरुष, आणि हाता-पायाचे अपंगत्व असलेले असतात. कर्णबधिर बाई, मनोरुग्ण, बौद्धिक अक्षमता असलेला तरुण मागे राहतो. त्याच्या वतीने आई-वडील बोलतात. पण पालकांना हवी असते सुरक्षितता आणि मुलाला कदाचित हवे असते फाटकाबाहेर जाणे. दोघांचे ऐकावे लागते, आणि स्वतंत्र ऐकावे लागते. चित्रे, खुणा, सांकेतिक भाषेचा दुभाषी, आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो.

दुसरी अडचण हितसंबंधांची. संघटनेचाच पदाधिकारी पुरवठादार असेल तर? म्हणून दर उघडण्याच्या समितीपेक्षा वर्णन आणि नमुना तपासणीच्या टप्प्यावर वापरणारे असावेत, आणि नाव-नात्याचे प्रतिज्ञापत्र सर्वांनीच द्यावे, अधिकाऱ्यांनीही.

तिसरी भीतीची. अनुदानावर चालणाऱ्या घरात राहणारा म्हातारा त्याच घराबद्दल खरे बोलला तर उद्या त्याला चहा कोण देईल? त्याच्याशी संस्थेच्या माणसासमोर बोलून उपयोग नाही.

आणि चौथी, सर्वांत साधी. नायगावहून नांदेडला यायला दिव्यांग माणसाला सोबतीचा माणूस लागतो, रिक्षा लागते, दिवसाची मजुरी बुडते. बैठकीतल्या अधिकाऱ्याला भत्ता आहे, सल्लागाराला मानधन आहे. ज्याच्या अनुभवासाठी बोलावले त्याला मात्र चहा-बिस्किट. किल्लारीनंतर संवाद सहायकांना मानधन दिले गेले, म्हणूनच ते काम टिकले, हे विसरता कामा नये.

त्या दिवशी निघताना मावशींना विचारले होते, तुम्हाला विचारले असते तर काय सांगितले असते? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘खुर्ची न्हाई मागितली असती. हातात घालायला जाड कातड्याचं कायतरी दिलं असतं तर बरं झालं असतं. सरकताना हाताची सालं निघत्यात. आन् न्हाणीला एक धरायला दांडी.’

जाड हातमोजे आणि न्हाणीत बसवलेली लोखंडी दांडी. खुर्चीच्या किमतीच्या एका कोपऱ्यात दोन्ही झाले असते. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गावातल्या लोहाराकडून दांडी बसवून घेतली होती, मुलाने स्वतःच्या पैशाने. ओसरीतल्या खुर्चीवर हरभऱ्याऐवजी सोयाबीनचे पोते होते.